घरच्या वापरासाठी चेनसॉ घेताना : काय बघावं, पैसे कुठे घालावेत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. परसात, वाटेवर, कौलांवर झाडं पडलेली, आणि कटरवाल्याला एकाच वेळी सगळ्या गावाची बोलावणी. आपल्या घरात एक मशीन असायला हवं, असं तेव्हा अनेकांना पहिल्यांदा वाटलं. वादळ नसलं तरी पावसाळ्यात फणसाची फांदी मोडते, पोकळ झालेला शेवगा पडतो, पावसाआधी जळणाचे तुकडे करायचे असतात.

हा लेख अशाच घरांसाठी आहे. वर्षातले मोजके दिवस मशीन बाहेर निघणार, बाकी वेळ ते पडवीत राहणार, आणि खिशाला फार ताण द्यायचा नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो: मशीन लहान घ्या, ज्याचे सुटे भाग तुमच्या तालुक्याच्या गावी मिळतात तेच घ्या, आणि जवळच्या पैशांतला साधारण तिसरा हिस्सा मशीनवर न घालता बाजूला ठेवा. जास्त सीसीच्या नादाने घेतलेली मशीनं बोथट चेन आणि बंद कार्बोरेटरसकट कोपऱ्यात पडलेली गावोगाव दिसतात.

पहिली पायरी : दुकानाआधी वाडीत जा

टेप घेऊन वाडीत एक फेरी मारा. तुम्ही स्वतः कापणार आहात अशा फांद्यांची आणि ओंडक्यांची जाडी मोजा. अंदाज बांधू नका, कारण नजरेला सगळी झाडं आहेत त्यापेक्षा जाड वाटतात.

तीन-चार इंचांपर्यंतच्याच फांद्या असतील तर चेनसॉ नकोच. छाटणीची चांगली घडीची करवत काही शे रुपयांत मिळते आणि हिरव्या फांदीत सरसर चालते. चार ते दहा-बारा इंच जाडीचे पडलेले ओंडके असतील तर चेनसॉचा खरा उपयोग. त्याहून जाड खोड, घराकडे किंवा तारांकडे झुकलेलं झाड, उभं झाड पाडणं, ही कामं पहिल्या वर्षी अनुभवी माणसाला बोलावून करून घ्या. त्याची मजुरी देणं परवडतं. पडलेल्या झाडात महावितरणची तार अडकली असेल तर ते लोक येऊन वीज बंद केल्याचं सांगेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही.

याच फेरीत परवानगीचा विचारही उरकून घ्या. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. साग, आंबा, फणस, खैर अशी त्याच्या अनुसूचीतली झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. शहरी भागात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो आणि अर्ज नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करावा लागतो. गोव्यात १९८४ चा वेगळा कायदा आहे. वादळात आपोआप पडलेल्या झाडाचं लाकूड टेम्पोत घालून हलवायचं असेल, तरी आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

दुसरी पायरी : पेट्रोल, वायर की बॅटरी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वायरवरचा चेनसॉ सगळ्यात स्वस्तात चांगलं काम देतो. साधारण चार ते आठ हजारांत १४ किंवा १६ इंची मशीन मिळतं (इंच म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या पट्टीची लांबी). त्यात पेट्रोल-ऑइलचं मिश्रण करायचं नाही, दोरी ओढायची नाही, कार्बोरेटर नाही. बटण दाबलं की चालू. सहा महिने पडून राहिलं तरी तक्रार नाही. घराच्या मागे जळण फोडायचं, अंगणातल्या फांद्या कापायच्या, एवढंच काम असेल तर मी हाच घ्यायला सांगेन. पण वायरिंग बघा. २००० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. ते १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवरच लावायचं, दिव्याच्या बारक्या प्लगवर नाही. एक्स्टेन्शनची वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची आणि अर्थिंगसकट तीन तारांची घ्या. बारीक वायर लांब ओढली की व्होल्टेज पडतं, मोटर गरम होते आणि जळते. रीळवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरायची. लाईनवर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या. ओल्या गवतात, पावसात हे मशीन काढायचंच नाही.

याची मोठी उणीव अशी की वादळानंतर गरज पडते नेमकी तेव्हाच घरात वीज नसते.

बॅटरीवरचे छोटे चेनसॉ ४, ६ किंवा ८ इंची येतात आणि ऑनलाइन दोन-चार हजारांत दिसतात. छाटणीसाठी ते खरंच सोयीचे आहेत. फक्त त्यावर छापलेल्या व्होल्टला भुलू नका. पाच लिथियम सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट होतात; पूर्ण चार्ज झाल्यावर तेच सेल २१ व्होल्ट दाखवतात. म्हणजे १८ आणि २१ लिहिलेल्या बॅटऱ्या एकच. '४८' किंवा '८८' असा आकडा असेल तर बॅटरीवर वॅट-अवर, म्हणजे तिच्यात एकूण किती वीज मावते, ते किती लिहिलंय ते वाचा. १८ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-अवर, हा हिशोब पक्का. हा आकडा कुठेच छापलेला नसेल तर ती वस्तू सोडून द्या. ड्रिल किंवा ग्राइंडर आधीच एखाद्या चांगल्या कंपनीचं असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा १० इंची चेनसॉ नुसत्या 'बॉडी'च्या भावात, म्हणजे बॅटरीशिवाय, मिळतो का ते जरूर बघा. एका घराला तो पुरतो.

पेट्रोलचं मशीन कुठेही नेता येतं, जाड लाकडात ताकद कमी पडत नाही, आणि वाडी घरापासून दूर असेल तर दुसरा पर्यायच नाही. पण ते राखावं लागतं. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलमध्ये २टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळायचं. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन काही मिनिटांत धरतो. आजकाल पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! महिनोन्महिने टाकीत राहिलेलं असं पेट्रोल कार्बोरेटरचे बारीक पडदे आणि रबरी नळ्या खराब करतं. अधूनमधून वापरणाऱ्यांची मशीनं बहुतेक याच कारणाने बंद पडतात. हे सांभाळायची तयारी असेल तरच पेट्रोलकडे वळा.

तिसरी पायरी : आकार ठरवा

बार, म्हणजे ज्यावरून चेन फिरते ती पट्टी, तुमच्या नेहमीच्या जाडीपेक्षा दोनेक इंच लांब असावा. बारा इंची ओंडक्याला १४ किंवा १६ इंची बार झाला. बहुतेक घरांना १६ च्या वर जायचं कारण नसतं.

बाजारात मात्र समोर येतं ते '५८ सीसी, २२ इंच'. पाच ते आठ हजारांत मिळतं, खोकं मोठं, आकडे मोठे. या मशीनांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. त्यांची घडण सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे प्लग, चेन, कार्बोरेटर कुठेही मिळतो आणि तालुक्याच्या मेकॅनिकला ती पाठ असतात. पण पेट्रोल, ऑइल आणि बार धरून वजन ७ किलोच्या आसपास जातं. वाकून ओंडके कापताना अर्ध्या तासात हात थरथरायला लागतात, आणि थकलेल्या हातातलं मशीन हेच धोक्याचं. स्टिकरवरचे सीसी खरे असतीलच असंही नाही. हेच मशीन घ्यायचं ठरलं तर १८ इंची बारसकट घ्या. त्याच इंजिनवर आखूड बार जास्त मोकळा चालतो आणि आवरायलाही सोपा जातो.

याउलट स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस १७० बघा, ३०.१ सीसीचं. बार आणि चेन न धरता वजन ४ किलोच्या आसपास. किंमत स्वस्त मशीनच्या दुप्पट-तिपटीने. आकडे लहान वाटतात, पण दहा इंची आंब्याचा ओंडका ते व्यवस्थित कापतं, कंपन कमी आणि ब्रेक भरवशाचा. हुस्कवर्नाचीही या गटातली मशीनं आहेत. यातलं कोणतं, हे तुमच्या गावापासून कोणत्या कंपनीचा मेकॅनिक जवळ आहे त्यावर ठरवा.

चौथी पायरी : दुकानात उभं राहून काय तपासायचं

ऑनलाइन हजार रुपये वाचतात, पण पहिल्यांदा घेणाऱ्याने शेती अवजारांच्या दुकानातूनच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. तिथे मशीन तुमच्यासमोर जोडून, चालू करून दाखवायला सांगा. चांगला दुकानदार आढेवेढे घेत नाही.

पहिलं, चेन ब्रेक. पुढच्या हँडलच्या समोर उभी ढाल असते. ती पुढे ढकलली की 'खट्' आवाज येऊन चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला तर मशीन उसळून तोंडाकडे येतं; त्या क्षणी डाव्या मनगटाच्या धक्क्याने किंवा झटक्याच्या जोराने हा ब्रेक लागतो आणि जीव वाचतो. ब्रेक ढिला किंवा नाहीच, असं मशीन फुकट मिळालं तरी आणू नका.

दुसरं, रेस सोडल्यावर इंजिन चालू राहावं, पण चेन फिरू नये. फिरत असेल तर आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग, जास्त आहे. तिथेच जुळवून घ्या.

तिसरी तपासणी फार कमी लोक करतात. चेनला तेल पोचतंय का? एक पांढरा कागद जमिनीवर ठेवायला सांगा, बारचं टोक त्याच्यावर वीतभर उंचीवर धरून रेस द्यायला सांगा. काही सेकंदांत कागदावर तेलाच्या बारीक थेंबांची एक रेघ उमटली पाहिजे. कागद कोराच राहिला तर ऑइल पंप काम करत नाही, आणि अशा मशीनचा बार एका दिवसात निळा पडतो.

बारवर कोरलेले आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा: पिच, म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप (बहुधा ३/८ किंवा .३२५ इंच), गेज, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी (.०५० किंवा .०५८ इंच), आणि खाचेत बसणाऱ्या या आतल्या कड्यांची संख्या. नवी चेन घ्यायची वेळ येते तेव्हा 'सोळा इंची द्या' एवढ्याने भागत नाही. हे तिन्ही आकडे जुळले तरच चेन बसते.

पक्कं बिल घ्या. चेन, प्लग, एअर फिल्टर आणि स्टार्टरची दोरी दुकानात आत्ता आहे का, तेही विचारा. 'मागवून देऊ' असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

पाचवी पायरी : बाजूला ठेवलेले पैसे

पहिला खर्च शरीरावर. डोळ्यांना जाळी किंवा काच असलेलं, कानांवर झाकणं असलेलं हेल्मेट घ्या. पेट्रोल मशीनचा आवाज कानाशी १०० डेसिबलच्या वर जातो, कापूस कोंबून भागत नाही. घोटा झाकणारे, तळ न घसरणारे बूट. आणि जमलं तर पायावर बांधायचे चॅप्स: त्यातले लांब धागे चेनमध्ये अडकून तिला तत्काळ थांबवतात. ते महाग वाटतात, पण चेनसॉच्या जखमा बहुतेक करून डाव्या मांडीवर आणि गुडघ्यावर होतात. लुंगी, गळ्यातला पंचा, सैल बाह्या, चप्पल घालून मशीनला हात लावायचा नाही.

दुसरा खर्च: एक जादा चेन, योग्य मापाची गोल कानस आणि तिचं गाइड. ३/८ लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या दातांच्या) चेनला ४ मिलिमीटरची, .३२५ ला ४.८ मिलिमीटरची कानस लागते. तिसरा: चेनचं तेल. गाडीचं जळकं काळं ऑइल घालायची पद्धत आहे, ती मला अजिबात पटत नाही. त्यात लोखंडाचा कीस असतो, पंप खराब होतो, आणि ते सगळं तेल उडून शेवटी आपल्याच वाडीच्या मातीत आणि आपल्याच अंगावर जातं.

सहावी पायरी : पहिला दिवस

मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं, तेच पाळा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलि ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिलि. वेगळ्या डब्यात मापाने मिसळा, हलवा, मग टाकीत घाला. टाकीतच अंदाजे ओतू नका. दर वेळी पेट्रोल भरलं की चेनचं तेलही भरायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. पेट्रोल भरताना मशीन थंड हवं, आणि जिथे भरलं तिथून चार पावलं दूर जाऊन चालू करायचं.

चालू करताना ब्रेक लावा, मशीन सपाट जमिनीवर ठेवा, उजव्या पायाचा चवडा मागच्या हँडलमध्ये घालून दाबा, डाव्या हाताने पुढचं हँडल धरा आणि उजव्याने दोरी ओढा. हवेत लोंबकळत धरून दोरीला हिसका द्यायची ढब बऱ्याच ठिकाणी दिसते, ती शिकू नका.

चेनचा ताण असा बघा: मशीन बंद, हातात मोजे. चेन बारच्या खालच्या कडेला टेकलेली असावी, लोंबू नये, आणि तरी हाताने सहज फिरावी. नवी चेन पहिल्या काही मिनिटांत ताणली जाते, म्हणून थांबून पुन्हा बघा. काम संपल्यावर थोडी सैल करून ठेवा, कारण गरम चेन थंड होताना आखडते.

आता कापणं. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मधे अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली असते. आधी वरून साधारण तिसरा हिस्सा कापा, मग खालून वर येत पूर्ण करा. एक टोक हवेत लोंबत असेल तर उलट: आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. हे चुकलं की लाकूड बार चिमटीत पकडतं आणि मशीन अडकून बसतं. वादळात वाकून दाबल्या गेलेल्या फांद्या याहून फसव्या. त्या सुटल्या की माणसाला फेकून देतात, त्यांच्यापुढे उभं राहायचं नाही.

दोन्ही हात हँडलवर, डावा अंगठा हँडलच्या खालून वळलेला. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. शिडीवर, झाडावर तर नाहीच. आणि एकट्याने काम नको. हाकेच्या अंतरावर कोणीतरी असू द्या, पण दोन माणसांच्या उंचीएवढं लांब.

सातवी पायरी : धार

धार हे अर्धं मशीन आहे. ती गेली की ५८ सीसीही लाकडावर नुसतं घासत बसतं. ओळखायचं कसं? खाली पडणारा भुसा बघा. धारदार चेन तांदळाएवढे, चौकोनी कपचे उडवते. बोथट चेन पिठासारखी बारीक धूळ पाडते, बारमधून धूर निघतो आणि तुम्हाला मशीन दाबावं लागतं. दाबावं लागलं की थांबा.

धार जायला माती सगळ्यात वाईट. जमिनीवर पडलेला ओंडका आरपार कापताना चेन मातीला एकदा लागली तरी कानस हातात घ्यावी लागते. खाली दुसरं लाकूड घालून ओंडका उचला, किंवा पाऊण जाडीपर्यंत कापून त्याला फिरवा आणि उरलेलं वरून कापा. माडाचं खोडही धारेला खातं. त्याची बाहेरची बाजू टणक, तंतूंची असते. आंब्याच्या तुलनेत कितीतरी लवकर चेन बोथट होते. नारळाची बाग असेल तर जादा चेन हवीच. जुन्या कुंपणाच्या झाडांत खिळे आणि तारा गिळलेल्या असतात, त्या आधी शोधा.

कानस मारताना प्रत्येक दाताला आतून बाहेरच्या दिशेने, ३० अंशांच्या कोनात, सारखेच दोन-तीन हात मारा. जाताना दाब, येताना उचलायची. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसरी बाजू. दोन्ही बाजूंचे दात सारख्या लांबीचे राहिले नाहीत तर मशीन वाकडं कापायला लागतं. प्रत्येक दातापुढे जो बारका उंचवटा असतो तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. चार-पाच वेळा धार लावून झाली की सपाट कानशीने तोही किंचित उतरवा. जास्त उतरवलात तर चेन लाकूड ओरबाडते आणि मशीन उसळतं.

ठेवताना

पेट्रोल मशीन महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. उरलेलं मिश्रण पुढच्या हंगामासाठी साठवू नका. बाजूचं झाकण उघडून तेलात भिजलेला भुसा काढा, बारची खाच तारेने साफ करा, बार उलटा करून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. एअर फिल्टर झटका. चेनवर तेलाचा हात फिरवा आणि बारवर आवरण चढवा. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून अर्धी चार्ज ठेवा, पत्र्याखालच्या उन्हात नको. मे अखेरीस, पाऊस लागायच्या आत, एकदा ताजं मिश्रण घालून मशीन चालू होतं की नाही ते बघून घ्या. नाही झालं तर मेकॅनिककडे तेव्हा रांग नसते.